बी.ए.चा भाव

जीपमधून उतरून घराकडे वळलो की ओट्यावर बसलेला बा विचारायचा, "किती?"

एवढंच. कधी निघालास नाही, जेवलास का नाही. "किती?" म्हणजे, तू जे ते बी.ए. केलंस त्याचे आता महिन्याला किती भेटतात? मी कधी हसून टाळायचो, कधी "भेटतील रे बा" म्हणायचो. एकदा डोकं फिरलं आणि रस्त्यावरूनच ओरडलो, "काही नाय भेटत!" जीपमधली माणसं हसली, त्यांच्याबरोबर बाही हसला. मी दाणदाण पाय आपटत आत गेलो आणि आईवर राग काढला, की चहात साखर नाही. चहात साखर होती.

आधीच सांगून टाकतो, आम्ही घरात कोकणी बोलतो, सुरगाण्याच्या डोंगरातली कोकणी, गोव्याकडची नव्हे. इथं मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावलंय. बाच्या बोलण्यातली अर्धी गंमत त्यात सांडते, पण इलाज नाही.

बाचं विचारणं वावगं होतं अशातला भाग नाही. भात-नागलीची, म्हणजे भात-नाचणीची, कामं उरकली की आमचं अर्धं गाव घाट ओलांडून द्राक्षाच्या बागांत मजुरीला जातं. मी शाळेत असताना आई-बा दोघं जायचे. नाशिकला पेठ नाक्यावर सकाळी उभं राहायचं. बागवाल्याची पिकअप थांबते, तो काच खाली करून विचारतो, "किती घेणार?" माणसाचा भाव तिथं तोंडावर विचारतात आणि तोंडावर सांगतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. छाटणीचा भाव वेगळा, डिपिंगचा वेगळा. डिपिंग म्हणजे मगात औषध घेऊन द्राक्षाचा एकेक घड त्यात बुडवत जायचं, दिवसभर हात वर करून. ज्या माणसाने उभा जन्म असा भाव ऐकला, त्याला वाटणारच की बी.ए.लाही एक भाव असणार. पोरगा सांगत नाही म्हणजे एक तर लपवतो, नाहीतर कमी आहे.

कमी होता.

मी बी.ए. इतिहासात केलं. फार मोठा विचार करून वगैरे नाही हो. आश्रमशाळेत अकरावी-बारावीला फक्त आर्ट्स होतं, म्हणून आर्ट्स. नाशिकला वसतिगृहात जागा मिळाली, म्हणून नाशिक. इतिहासाच्या वर्गात खिडकीजवळ पंखा होता, म्हणून इतिहास. पुढे त्याची गोडी लागली हा भाग वेगळा. नंतर तीन वर्षं अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा दिल्या. पूर्व पास, मुख्य नापास. पूर्व पास, मुख्य नापास. मग एम.ए. केलं, आणि आता एका कनिष्ठ महाविद्यालयात तासावर शिकवतो. तास झाला तर पैसे, सुट्टी आली तर नाही. दिवाळीची सुट्टी लागली की पोरं नाचतात आणि मी कॅलेंडर बघत बसतो. बायको नर्स आहे. घर तिच्या पगारावर चालतं, माझ्या पैशात भाजी येते. खोटं कशाला बोलू?

धाकट्या भावाने आय.टी.आय. केलं, फिटर ट्रेड. ओझरकडे कामाला लागला. दोन वर्षांत त्याची मोटारसायकल आली, चार वर्षांत गावच्या घरावर स्लॅब पडला. त्याला बाने कधी "किती?" विचारलं नाही. डोक्यावर स्लॅब दिसत होता ना. मी त्या स्लॅबखाली बसून जेवायचो आणि लवकर उठायचो. भाऊ बिचारा चांगला आहे, कधी टोचून बोलला नाही. पण एकदा म्हणाला, "दादा, तुझी ती डिग्री पाण्यात टाकली तर तरंगेल का रे?" गमतीत म्हणाला, मला ते आठ दिवस लागलं.

आता याच बाची दुसरी तऱ्हा सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

नागली झोडून, वारवून खळ्यावर रास पडली की आमच्याकडे तिथं दोन गोष्टी बोलायच्या नसतात. एक, "माझं". दुसरं, "किती?" धान्य कणसरीचं. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. आपण फक्त राबणारे. एखाद्या पाहुण्याने चुकून विचारलंच, "किती पायल्या निघाली?" तर म्हातारी माणसं त्याच्याकडे बघतही नाहीत, तोंड फिरवून डोंगराकडे बघत बसतात. लहानपणी एकदा रास बघून मी किंचाळलो होतो, "आई गं, किती ही! सगळी आपली?" बाने पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो. मारणारा माणूस नाही तो. जन्मात दोनदा मारलं असेल, त्यातली ही एक वेळ.

खळं आहे आमच्या उतारावर. गावाच्या वर, जंगलाच्या कडेला अडीच एकराचा तुकडा. आज्याने साफ केला, बाने कसला, पण कागदावर ती जमीन वनखात्याची. सगळ्या गावाचं तेच. मग कायदा आला, की जो पिढ्यान्‌पिढ्या कसतो त्याने दावा करावा, पुरावे द्यावेत, पट्टा मिळेल. गावाने दावे केले. बानेही केला. भाऊ म्हणाला, "दादा, तू शिकलेला, तू बघ." मी म्हटलं, "बघतो." आणि बघितलं नाही. परीक्षा होती, मग लग्न, मग तास. खरं कारण सांगू? गावातल्या कामात पडलो तर गावचाच राहीन अशी भीती वाटायची मला. दावा बाने ग्रामसेवकाकडून भरून घेतला आणि तो वर्षानुवर्षं कुठल्याशा फायलीत पडून राहिला.

शेवटी एकदा पाहणीला माणसं आली. नेमकी कधी? नागलीची रास खळ्यावर पडली होती तेव्हा. बा राशीजवळ बसलेला. त्यांनी विचारलं, "बाबा, ही जमीन कोणाची?"

बा म्हणाला, "कणसरीची. आम्ही आपले राबतो."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, "तुमची नाही?"

बा म्हणाला, "नाय."

इतर लोकांकडे पाहणी झाली तेव्हा त्यांच्या राशी घरी गेलेल्या होत्या. त्यांनी बेधडक "आमची" म्हणून सांगितलं. आमच्याच नशिबी खळं!

चार-पाच महिन्यांनी कागद आला. दावा नामंजूर. भावाने त्याचा फोटो पाठवला. मी वर्गाबाहेर उभा राहून वाचला आणि पायातली चप्पल उचलून कुणाला तरी मारावीशी वाटली. दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेलो, खिडकीतल्या कारकुनाशी भांडलो. आवाज चढवला, कायदा सांगितला, मी कोण आहे ते सांगितलं. म्हणजे तासावरचा मास्तर, पण सांगताना प्राध्यापक म्हणालो. तो शांत माणूस. त्याने फाईल काढली, माझ्यासमोर फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "दावेदाराच्या सांगण्यानुसार जमीन त्याची नाही." खाली बाचा अंगठा.

"आम्ही आमच्या मनाचं लिहिलंय का?" तो म्हणाला.

नव्हतं लिहिलं. बा बोलला तेच जसंच्या तसं उतरवलं होतं. मी चांगलाच तोंडावर आपटलो. त्यानेच मग पाणी दिलं आणि सांगितलं, की नाशिकला जिल्ह्याच्या समितीकडे अपील करता येतं, दोन महिने आहेत.

गावी जाऊन मी बावर खेकसलो, "एक शब्द! 'माझी' म्हणायला काय जात होतं तुझं?"

"राशीपुढं?" बा म्हणाला. एवढंच. जणू मी त्याला देवळात थुंकायला सांगितलं होतं.

तो उतार गेला तर बाचं काय होईल, हे मला आधीपासून ठाऊक होतं. मागच्याच वर्षीची गोष्ट. मी सकाळच्या तासाला स्कूटरवरून निघालेलो, पेठ नाक्यावर मजुरांची गर्दी. सहज नजर गेली तर त्यात बा. नाशिकला आलोय म्हणून त्याने मला कळवलंही नव्हतं. पिकअप थांबली. बागवाल्याने बोटाने माणसं निवडली. हा, हा, ती, तो. सगळे चढले. बाजवळ आल्यावर त्याचं बोट पुढे सरकलं. बाने दुखरा गुडघा सरळ करून उभं राहायचा प्रयत्न केला, मी पाहिलं. गाडी गेली.

आणि मी थांबलो नाही. सिग्नलपर्यंत पुढे गेलो. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण गेलो. मग स्कूटर वळवली. परत आलो तेव्हा तो तिथंच उभा, पुढच्या गाडीची वाट बघत. मी त्याला चहाला नेलं. बशीत चहा ओतून तो म्हणाला, "भाव पडला रे माझा." तक्रार म्हणून नाही, बाजाराची बातमी सांगावी तसं म्हणाला. मला रडू फुटलं, टपरीवर सगळ्यांसमोर. त्याला वाटलं मला चहा भाजला.

म्हणजे आता त्याच्याकडे तो उतार होता, आणि बाकी काही नव्हतं. स्लॅब भावाचा. भाऊ दोन वेळा जेवायला घालील, मीही घालीन. पण पोराच्या ताटात जेवणं आणि आपल्या उताराची नागली खाणं यातला फरक बाला विचारायला नको. अपीलही फेटाळलं गेलं तर वनखातं तिथं रोपवनाचे खड्डे मारणार, अशी गावात बोलणी होती.

अपिलाला पुरावे लागतात. आमच्याकडे काय होतं? रेशनकार्ड आणि बाचा गुडघा. मी हताश होऊन पत्र्याची पेटी उघडली, मार्कशीट-बिर्कशीट ठेवलेली, आणि तळाशी ती वही सापडली.

शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी एक प्रकल्प दिला होता. गावातल्या एका निरक्षर म्हाताऱ्या माणसाकडून गावाचा इतिहास लिहून आणायचा, वीस मार्कांसाठी. मी बाच्या थोरल्या बहिणीला, माझ्या आत्याला, धरलं. पहिले तीन दिवस मी साहेबासारखे प्रश्न विचारले. गाव कधी वसलं? जमीन कोणाची होती? आत्या म्हणायची, "डोंगराची." पुढचा प्रश्न. "देवाची." पुढचा. "मला काय ठावं?" पालथ्या घड्यावर पाणी! चौथ्या दिवशी कंटाळून मी नुसता तिच्याबरोबर उतारावर बसलो आणि सहज विचारलं, "आत्ये, हा बांध कोणी घातला गं?"

झालं. म्हातारी सुटली. हा खालचा बांध तुझ्या आज्याने घातला, घाटाच्या रस्त्याचं काम निघालं त्या वर्षी. दिवसा रस्त्यावर खडी फोडायचा आणि संध्याकाळी येताना एकेक दगड खांद्यावर आणायचा. तुझा बा तेव्हा झोळीत होता, त्या मोहाच्या फांदीला झोळी. वरचा बांध बांबूला फुलं आली त्या वर्षीचा. रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब कोण भाजायचं, पेरायला कोण यायचं, रानडुकरं राखायला कोण बसायचं, सगळ्या गावाचं सगळं. साठ पानं भरली. सरांनी वीसपैकी चौदा मार्क दिले आणि लाल शाईने शेरा मारला, "तपशील फार." कॉलेजचा शिक्का, तारीख, सरांची सही. आत्या त्यानंतर दोन वर्षांनी गेली.

मी ती वही पेटीजवळ जमिनीवर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. शिकत असताना मला ती ओझं वाटली होती. आता आत्याचा आवाज ऐकू येत होता, मधेच तंबाखू मळायला थांबायची तो खंडसुद्धा.

पण म्हातारीच्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? घाटाच्या रस्त्याचं काम निघालं ते वर्ष कोणतं? भावाची मोटारसायकल घेऊन आम्ही दोघं घाटात गेलो. तिथं एक जुनी मोरी आहे, तिच्या कठड्यावर शेवाळ. भावाने पान्याने शेवाळ खरवडलं, आणि खाली दगडात कोरलेलं साल. आत्याचं वर्ष! मी रस्त्यावरच उड्या मारल्या. भाऊ म्हणाला, "दादा, लोक बघतायत." त्याने मोबाईलवर फोटो काढले, एक पट्टी धरून, सरळ, चारही बाजूंनी. फिटर माणूस. घरावर स्लॅब पडल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोललो. झेरॉक्स, जीपचं भाडं, अपिलाचा टायपिंगचा खर्च, सगळं त्यानेच केलं, हेही इथं लिहिलं पाहिजे. माझ्या बी.ए.ला त्याच्या आय.टी.आय.ने पोसलं.

तारखेच्या आधी आठ दिवस मी बाची तालीम घेतली. "बा, साहेब विचारतील, जमीन कोणाची? म्हण, माझी." तो म्हणायचा, "बघू." शेवटी आईने त्याला दटावलं, "अहो, हापिसात कुठं खळं हाय? म्हणून टाका एकदा!" हे त्याला पटलं. हापिसात खळं नाही. मग तो ओट्यावर बसून दोन-तीनदा हळूच म्हणाला, "माझी. माझी." नवीन चप्पल घालून बघावी तसं.

नाशिकला मोठ्या ऑफिसात आम्ही वेळेआधी पोहोचलो. बा, भाऊ, मी आणि साक्षीला गावातले दोन म्हातारे. बाच्या हातात एक गाठोडं होतं.

"हे काय?"

"नागली. आपल्या उताराची. पुरावा."

"बा, लाच वाटेल ती!"

"नागलीची लाच कोण घेतो रे?" तो म्हणाला, आणि म्हातारे फिदीफिदी हसले.

आत एक मॅडम बसल्या होत्या, बाजूला आणखी दोघं. मॅडमनी आमचे कागद आधीच वाचलेले दिसत होते, वहीच्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या म्हणाल्या, "कागद चांगले जोडलेत. पण आधीच्या जबाबात दावेदार स्वतःच नाही म्हणालेत. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. सांगा बाबा, जमीन कोणाची?"

बा खुर्चीच्या टोकावर बसला होता. गाठोडं मांडीवर. त्याने तोंड उघडलं. मग खाली मांडीवरच्या नागलीकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

हात दाखवून अवलक्षण! स्वतःच धान्य घेऊन आला होता, आता धान्य मांडीवर ठेवून "माझी" कसं म्हणणार? मी डोळ्यांनी खुणावलं, गाठोडं खाली ठेव. त्याने ते आणखी जवळ धरलं. मॅडमनी पुन्हा विचारलं. बा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "कणसरीची."

मॅडमनी पेन उचललं. ते कागदावर टेकायच्या आत मी उभा राहिलो. मुख्य परीक्षेत दोनदा नापास झालेला माणूस मी, अशा खोल्यांची मला धास्ती आहे. म्हटलं, "मॅडम, मी एक प्रश्न विचारू का? त्यांना."

"तुम्ही वकील आहात?"

"नाही. मुलगा. इतिहास शिकवतो."

"विचारा," त्या म्हणाल्या.

मी बाकडे वळलो. "बा, तो खालचा बांध कोणी घातला?"

"माझ्या बाने."

"कधी?"

"घाटाचा रस्ता झाला तेव्हा. मी झोळीत होतो म्हणतात."

"आणि मधला?"

"मधला मी. आई तुझी दगड द्यायची. थोरला तू पोटात होतास." तो खुर्चीत मागे सरकला. "पण तो पहिल्या पावसात वाहून गेला. मग परत घातला. तेव्हा हे दोघं आले होते मदतीला." त्याने म्हाताऱ्यांकडे हात केला. म्हातारे दोघं एकदम बोलायला लागले. एक म्हणाला वाहून गेला तो वरचा, दुसरा म्हणाला मधला. भांडण जुंपलं. कुठल्या दगडाखाली विंचू निघाला, कुणाला चावला, कुणी मंत्र घातला. मॅडम हसल्या, पण पेन थांबलं नव्हतं. मी विचारत गेलो. राब कुठं भाजतोस, पाणी कुठून वळवतोस, मोहाची फुलं कोण वेचतं. अर्धा तास बा बोलला, आणि त्या अर्ध्या तासात "माझं" हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. गरजच पडली नाही. शेवटी मॅडमनी ते सगळं वाचून दाखवलं, आणि त्याने अंगठा दिला.

बाहेर आल्यावर भाऊ माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "दादा, असं विचारायला शिकवतात तुमच्यात?"

म्हटलं, "वीसपैकी चौदा मार्कांचं शिकवतात."

निकाल यायला पावसाळा गेला. अपील मंजूर. अडीच एकर मागितली होती, दोन एकराला थोडी कमी मिळाली, आणि मोहाचं झाड हद्दीबाहेर राहिलं, ते बाला फार लागलं. पट्ट्यावर बाच्या नावाबरोबर आईचंही नाव असतं. आईने मला ते तीनदा वाचायला लावलं आणि बोटाने दाबून बघितलं.

भावाने हिशेबी डोक्याने विचारलं, "आता याची किंमत किती?" मी सांगितलं, ही जमीन विकता येत नाही. कसायची, पुढच्याला द्यायची, बस. तो हसला. "म्हणजे तुझ्या डिग्रीसारखंच की!" या वेळी मला लागलं नाही. खरंच होतं. वर्गातली पोरं मला विचारतात, सर, आर्ट्स करून काय भेटतं? मी त्यांना उतारावरची गोष्ट सांगून भुलवत नाही. घरचा स्लॅब पडायचा असेल तर फिटर हो, असं सरळ सांगतो. एखाद्याला तरीही करायचं असेल तर अडवत नाही. मी स्वतः महिन्याला तेवढेच कमावतो, जेवढे आधी कमवायचो. तासाचे दर वाढलेले नाहीत.

पट्टा घेऊन मी आणि बा तालुक्याहून जीपने गावी निघालो. जीप खच्चून भरलेली. बाने प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद मांडीवर धरला होता, दोन्ही हात त्यावर. आमच्यासमोर द्राक्षाच्या टोळीचा मुकादम बसला होता, बाच्या ओळखीचा. हंगाम तोंडावर आलेला, तो माणसं गोळा करत फिरत होता. पण या वेळी बाला "येतोस का?" असं त्याने विचारलं नाही. बाचा गुडघा त्यालाही ठाऊक होता. त्याने माझ्याकडे हनुवटी केली.

"हा कोण?"

"माझा हाय," बा म्हणाला.

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

"शिकलेला दिसतो."

"बी.ए. हाय. इतिहासात."

"असं? मग किती भेटतात त्याला?"

जीपमधली दोन-चार माणसं ऐकायला पुढे झुकली. माझी मान आपोआप खाली गेली. हा प्रश्न मला पाठ होता, आणि आता बा काय सांगेल, हसून "काय नाय भेटत" म्हणेल, की काहीतरी मोठा आकडा ठोकून देईल, ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

बाने तोंड फिरवलं आणि जीपच्या बाहेर डोंगराकडे बघत बसला.

मुकादमाला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. त्याने मोठ्याने विचारलं, "किती भेटतात म्हटलं!"

"असं विचारत नसतात," बा म्हणाला.